नळीवर वायलाची सही

...तर त्या रक्ताच्या नळीवर चिकटपट्टी लावून, तिच्यावर स्वतःची सही केल्याशिवाय वायला खुर्चीवरून उठायलाच तयार होईना, इथपर्यंत काल आपण आलो होतो. मधेच मी त्या आंधळ्या घोड्याच्या गोष्टीत घसरलो आणि ही राहून गेली.

इमेल्डा, म्हणजे आमच्या आरोग्य केंद्रात रक्त काढणारी, हातात नळी धरून उभी. मागे रांगेत आम्ही सहा जण. मी माझ्या साखरेसाठी गेलो होतो, उपाशीपोटी.

"वायला, रक्ताची नळी आहे ही. मृत्युपत्र नाही."

"म्हणूनच तर. मृत्युपत्र कुणी बदललं तर तेव्हा मी निदान मेलेली असेन."

"अगं, नाव छापलंय त्यावर तुझं. जन्मतारीख छापलीय."

"छापलेलं कुणालाही छापता येतं. माझी सही मात्र मलाच येते. दे ते पेन."

आता बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण आमच्या बेटाच्या या टोकाला घरटी एक तरी घोडा शर्यतीचा. दोनचाकी गाडी मागे जोडायची, दुडक्या चालीनं पळवायचं, चौखूर उधळला की बाद. आणि जो घोडा जिंकतो त्याला हार घालायच्या आधी मागच्या शेडमध्ये नेऊन त्याचं रक्त काढतात. दोन नळ्या. दोन्हीवर मालकाच्या डोळ्यांदेखत चिकटपट्टी, वर मालकाची सही. वायला वयाच्या नवव्या वर्षापासून त्या शेडमध्ये लगाम धरून उभी राहिलेली. घोडीचं रक्त बिनसहीचं जाऊ देत नाही ती बाई स्वतःचं देईल?

शिवाय इमेल्डा पडली वॉल्टर पीटर्सची बहीण, आणि मागच्या ऑगस्टमध्ये वॉल्टरचा घोडा वायलाच्या घोडीनं मुंडीभर अंतरानं मागे टाकलेला. हे वायला तोंडानं बोलली नाही. नुसती इमेल्डाच्या बोटांकडे बघत राहिली.

वायला शेवरी माझ्या पुतण्याची, लॉर्नची, बायको. वय अठ्ठावन्न. संशय तिच्या अंगातच. चर्चच्या सोडतीत एकदा हिचं स्वतःचं नाव निघालं, डुकराच्या मांडीचा मोठा खारवलेला हॅम मिळाला, तर म्हणते कशी, "चिठ्ठ्या नीट हलवल्या नव्हत्या, पुन्हा काढा." पुन्हा काढली. हॅम दुसऱ्याच्या घरी गेला. लॉर्न आठवडाभर बोलला नाही तिच्याशी. पण तेवढंच सरळपणही तिच्यात. मी चौथीपर्यंत एका खोलीच्या शाळेत शिकलेला माणूस, माणसं पारखायला मला तेवढी शाळा पुरते: वायलानं आयुष्यात कुणाचं काही उचललं नाही आणि कुणाचं काही विश्वासानं घेतलंही नाही.

पाच वर्षांपूर्वी तिची गळ्यातली ती ग्रंथी, थायरॉइड, काम करेनाशी झाली. आवाज तिच्या बापासारखा घोगरा झाला. जुलै महिन्यात स्वेटर. जुन्या डॉक्टरनं रक्त बघितलं आणि गोळी सुरू केली, रोज सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा नंतर तासाभरानं. ग्रंथी जे बनवायची तेच त्या गोळीत. चार महिन्यांत बाई पूर्वीसारखी घोड्यांवर ओरडायला लागली. दर वर्षी एकदा रक्त, दर वर्षी आकडा ठीक. शंभराची गोळी तिला बरोबर बसली होती.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर मात्र अहवाल उलटा आला. जुना डॉक्टर निवृत्त झालेला, नवीन आलेली डॉ. हॅलिडे, तरुण बाई, शब्द मोजून बोलणारी. ती म्हणाली, "गोळी जास्त होतेय तुम्हाला. आकडे सांगतायत की शरीर फार जोरात पळतंय. असंच राहिलं तर हृदय बिघडेल, हाडं झिजतील." शंभरावरून पंचाहत्तर केली.

दोन महिन्यांनी पुन्हा रक्त. अजूनही तेच, जोरात पळतंय. पंचाहत्तरावरून पन्नास.

आणि इकडे ही पळणारी बाई तबेल्याच्या उंबऱ्यावर बसून दम खात होती. चेहरा सुजलेला. भुवयांची टोकं गळालेली. केस न्हाणीच्या जाळीत अडकून पाणी तुंबायचं. फेब्रुवारीत एक दिवस मी फाटकापाशी बर्फ ओढत होतो, तर टॅन्सी, तिची घोडी, रस्त्यानं आपली आपणच चालत आली. मागे गाडी. गाडीत वायला, लगाम मांडीवर, मान खाली. मला वाटलं संपली. जवळ जाऊन हाक मारली तर डोळे उघडले आणि म्हणाली, "झोपले नव्हते मी, काका."

"मग काय करत होतीस?"

"विचार."

"घोरत होतीस विचार करताना."

ती हसली नाही. खाली उतरताना माझा खांदा धरला तिनं, आणि तो हात बर्फाहून गार होता.

लॉर्ननंही ते खिडकीतून बघितलं होतं. त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, तो गाडीवर बसू शकत नाही. टॅन्सीला रोज सकाळी चार मैल फिरवणारं दुसरं कुणी घरात नाही. त्यानं त्याच आठवड्यात पलीकडच्या एका घोडेवाल्याला फोन केला, प्रेस्कॉट नावाचा. ईस्टर झाला की येऊन घोडी बघतो, म्हणाला तो. वायलाला जेवताना कळलं.

"माझी घोडी?"

"आपली."

"तिच्या आईची वार मी ओढून काढलीय या हातांनी. आपली कधीपासून झाली?"

"वायला, तू रस्त्यावर झोपतेस. ट्रक आला असता तर? तू धड झालीस की दुसरी घेऊ."

दुसरी! ती ताट घेऊन उठली आणि उभ्यानं जेवली. तेव्हापासून एकच गोष्ट तिच्या डोक्यात: ईस्टरच्या आत अंगात ताकद आली नाही तर टॅन्सी गेली. आणि ताकद देणारी गोळी कागदावरचे आकडे बघून डॉक्टर दर खेपेला कमी करतेय. म्हणजे कागद खोटा आहे. म्हणजे कुणीतरी खोटं करतंय.

म्हणून ती सही.

आठ दिवसांनी तिसरा अहवाल आला. नळी सहीची, चिकटपट्टी शाबूत, आणि आकडा? तोच. जोरात पळतंय! इमेल्डा सुटली. आता संशयाला दुसरं घर शोधावं लागलं. आधी गोळ्यांवर गेला: बाटलीत भलतंच काहीतरी भरलंय. मग मशीनवर. मग, देवा, लॉर्नवर. कारण एका सकाळी ती तबेल्यातून आत आली तर लॉर्न स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्या गोळ्या ओतून बोटानं एकेक बाजूला सारत होता.

"काय चाललंय?"

"काही नाही. नीट लावतोय."

"गोळ्या नीट लावतोस? मोजे तरी लावलेस कधी नीट?"

मग निघालं खरं. डॉ. हॅलिडेनं लॉर्नला विचारलं होतं, वायला ठरल्यापेक्षा जास्त गोळ्या तर घेत नाही ना? लॉर्ननं मोजल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. तरी त्याच्या मनात किडा वळवळलाच, कारण आमच्याकडे काही तबेल्यांत आळशी घोड्यांना थायरॉइडची पूड चारतात हे सगळ्यांना माहीत. ती पूड तर खात नाहीस ना, तेही त्यानं विचारलं. वायला इतकी पांढरी पडली की लॉर्न म्हणाला, मला वाटलं आता ही किटली फेकणार.

"माझ्या तबेल्यात तसली पूड पाऊल टाकत नाही. बघ जाऊन. आणि बघून झालं की माफी माग. आधी माझी, मग टॅन्सीची."

डॉक्टरकडे तर ती स्वतः गेली, मला मोटार चालवायला घेऊन. मी बाहेरच्या खोलीत, पण दार पातळ.

"वायला, मी रागावणार नाही. वजन कमी करायला काही बायका दोन-दोन गोळ्या घेतात."

"वजन? तीस पौंड वाढलेय मी डॉक्टर. वजन कमी करायला चोरून गोळ्या खात असेन, तर या बेटावर माझ्याइतकी मठ्ठ चोर नसेल."

"दुसरं कुठलं औषध घेता का?"

"नाही."

"डोकेदुखीचं? झोपेचं? काहीच नाही?"

"ही एक गोळी. देवाशप्पथ."

आत कागद चाळल्याचा आवाज. मग डॉक्टर म्हणाली, "मला हे जुळत नाहीये. तुमच्याकडे बघितलं तर एक दिसतं, कागद दुसरंच सांगतो. पण या आकड्यांवर मी गोळी वाढवू शकत नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत मला विचार करू द्या. कदाचित पंचवीस करावी लागेल."

परत येताना वायलाच्या मांडीवर तिन्ही अहवाल. पुलापाशी म्हणाली, "फुल्टनकडे थांबवा काका."

फुल्टन आमचा औषधवाला. तिच्या वर्गातला. तरुणपणी तोही गाडी हाकायचा, गुडघा मोडला म्हणून औषधांकडे वळला. वायलानं तिन्ही अहवाल त्याच्यापुढे आपटले.

"वाच. आणि मला माणसाच्या भाषेत सांग. यात हा आकडा खाली गेलाय आणि बाई म्हणते मी जोरात पळते. खाली गेला तर हळू नको का व्हायला?"

फुल्टननं चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हा आकडा घोडीचा नाही गं. हाकणाऱ्याचा आहे."

"म्हणजे?"

"घोडी म्हणजे तुझं शरीर, आणि गोळी तिचा दम. हाकणारा बसलाय वर मेंदूत. घोडी रेंगाळली की तो ओरडतो. जितकी हळू, तितका मोठ्यानं. हा पहिला आकडा म्हणजे त्याच्या ओरडण्याचा आवाज. घोडी भरधाव सुटली तर तो कशाला ओरडेल? गप्प बसतो, आकडा तळाला जातो. कळलं? आणि हा दुसरा आकडा, हा खरा दमाचा, रक्तात किती फिरतोय त्याचा. तुझ्या कागदावर हाकणारा एकदम गप्प आणि दम चिक्कार."

"आणि मला जिना चढताना मधे बसावं लागतं."

"तेच तर." त्यानं कागद उजेडाला धरले, जसे काही मागून आणखी काही लिहिलेलं दिसणार होतं. "डॉक्टर मूर्ख नाही. या कागदावर कुणीही गोळी कमीच केली असती. पण मी तुला दारातून आत येताना बघितलं. हाकणारा गप्प बसलेल्या घोडीची ही चाल नव्हे."

"मग कोण खोटं बोलतंय? तू सांग. इमेल्डा नाही, नळीवर सही होती माझी. लॉर्न नाही. मशीन?"

फुल्टननं कागद काउंटरवर ठेवले. मग म्हणाला, "वायला, टॅन्सीचा निकाल असा उलटा आला असता तर तू पहिली काय बघितली असतीस?"

"खुराकाचा फळा."

"मग बघ की."

आमच्या प्रत्येक तबेल्यात दाराच्या आत एक काळा फळा असतो. कुठल्या घोड्याच्या पोटात सकाळी काय गेलं, संध्याकाळी काय गेलं, खडूनं लिहायचं. ओट किती, गवत किती, गूळपाणी दिलं का, कुठली पूड किती चमचे. जे पोटात गेलं ते फळ्यावर, मग ते कितीही किरकोळ असो. वायलानं त्या दिवशी टॅन्सीच्या नावाखाली रेघ ओढली आणि खाली लिहिलं, वायला. मला सांगितलं, तुम्ही बसा त्या बादलीवर आणि खाडाखोड होत नाही ना बघा. स्वतःवरही तिचा भरवसा नव्हता.

सकाळ: गोळी, पाणी. चहा, दोन कप. ओटची पेज, गुळाची काकवी. खुराची पूड, अर्धा चमचा. टोस्ट.

"हे काय?" मी म्हणालो.

"पेज."

"त्याच्या खाली."

"खुराची पूड. पेजेत टाकते."

"घोडीच्या खुराची?"

"मग काय माझ्या खुराची? नखं फाटत होती काका. लगामाच्या बकलाला अडकून रक्त यायचं. ही खायला घातल्यापासून टॅन्सीचे खूर बघितलेत? नालबंद म्हणाला होता, दगडासारखे झालेत. खूर म्हणजे तरी काय, नखच ना? ऑगस्टपासून घेते अर्धा चमचा. बरी चव आहे, सफरचंदाची."

"मग डॉक्टरला का नाही सांगितलंस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की शाळेत मास्तर माझ्याकडे बघायचे ते आठवलं. "तिनं औषधं विचारली. हे औषध कुठंय? हा खुराक आहे."

आणि खरंच की! शर्यतीच्या नियमांत औषध वेगळं, खुराक वेगळा. औषध द्यायचं झालं तर लिहून कळवायचं, अमुक दिवस आधी बंद करायचं. खुराक ज्याचा त्याचा. आयुष्यभर हीच रेघ पाळलेली बाई. तिनं देवाशप्पथ घेतली ती खोटी नव्हती.

त्या पुडीचा डबा घेऊन आम्ही पुन्हा फुल्टनकडे. त्यानं मागची बारीक अक्षरं वाचली आणि डबा हळूच खाली ठेवला.

"बायोटिन," तो म्हणाला. "जीवनसत्त्वच आहे, विष नाही. पण माणसाला रोज जेवढं लागतं त्याच्या तीनशे पट तरी असेल तुझ्या अर्ध्या चमच्यात. अंगाला काही करत नाही हे. मशीनला फसवतं. रक्तातले कण धरायला बऱ्याच मशीनमध्ये हेच बायोटिन चिकटवायला वापरतात. तुझ्या रक्तात आधीच त्याचा पूर, मग मशीनचे हात भलत्यानंच भरून जातात. एक आकडा खोटाच खाली, दुसरा खोटाच वर."

वायला काउंटरला धरून उभी. "म्हणजे मी पळत नव्हते."

"मुळीच नाही. आणि वर गोळी कमी होत गेली."

"मग आजपासून शंभर घेते."

"मनानं एकही वाढवायची नाहीस! पूड आजपासून बंद. मी आत्ता डॉक्टरला फोन करतो. आठवडाभर थांबून पुन्हा रक्त. या खेपेला मशीनला तुझं तोंड दिसू दे."

डॉ. हॅलिडेनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि वायलाला म्हणाली, "मी औषधं विचारली. पोटात काय काय जातं हे विचारायला हवं होतं. चूक माझी." वायलानं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "इतक्या लवकर चूक कबूल करते. काहीतरी लपवतेय."

चौथं रक्त काढायला गेलो तेव्हा सहीचा विषय इमेल्डानंच काढला. पेन पुढे धरलं. वायला म्हणाली, "राहू दे," आणि मग दोन पावलं जाऊन परत फिरली आणि सही केलीच.

पहिला आकडा चारच्या आत असायला हवा. आला एक्केचाळीस. हाकणारा घसा फाटेस्तोवर ओरडत होता, इतके महिने, आणि कुणाला ऐकू येत नव्हतं. दम जेमतेम तळाशी. डॉक्टरनं त्याच दिवशी गोळी पंचाहत्तर केली, पुढे शंभर. पण बजावलं, "हे आज-उद्या कळणार नाही. शरीर हळू वळतं. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त, तोवर रस्त्यावर गाडी हाकायची नाही."

हा झाला बुधवार. आणि शनिवारी, ईस्टर उलटलेला, प्रेस्कॉट आला.

चांगला माणूस दिसला, पॉलिश केलेले बूट, लाल चिखलात जपून पाय टाकणारा. लॉर्न कुंपणाला टेकून उभा, जमिनीकडे बघत. टॅन्सी मैदानात. वायला तबेल्याच्या दारात, दोन स्वेटर, डोळे सुजलेले, गोळी वाढवून तीनच दिवस झालेले. प्रेस्कॉटनं घोडीला सगळ्या बाजूंनी बघितलं, पाय उचलून खूर बघितले, शीळ घातली. मग टोपी काढून वायलापुढे आला. आवाजात खरी कळकळ होती, हे मी मान्य करतो.

"मिसेस शेवरी, राग मानू नका. तुमच्या नवऱ्यानं मला सगळं सांगितलंय. तुम्हाला उभं राहवत नाहीये. घोडी अशी उभी राहिली तर हंगाम गेला तिचा. तुम्हाला खरंच वाटतं एका कागदावरच्या आकड्यानं तुम्ही बऱ्या व्हाल?"

लॉर्ननं मान वर केली. मी बादलीवरून उठलो. वायलानं दाराची चौकट सोडली आणि कशालाही न धरता उभी राहिली.

"आकड्यावर माझा विश्वास नाही, मिस्टर प्रेस्कॉट, पण माझ्या अंगाला जे होतंय तेच सांगणारा कागद इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मिळालाय, म्हणून मी त्याला आठ आठवडे देणार आहे. तेव्हा या, मी गाडीवर नसले तर घोडी घेऊन जा, आणि तोवर तिच्या पायांना हात लावायचा नाही."